हातचं राखून

सुजय खोत दर गुरुवारी सकाळी दहाला यायचा. चपला दाराबाहेर एका रेषेत काढायचा, "आई, बऱ्या आहात ना?" असं विचारायचा आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा. तो माझा जावई. निदान कागदोपत्री अजून होता. केतकीच्या आसपास फिरकायला कोर्टानं त्याला मनाई केली होती, माझ्याकडे यायला नाही. कोर्टाला वाटलं असेल, बायको गेल्यावर सासूकडे कोण कशाला जातंय!

शेजारच्या बायका म्हणायच्या, "कशाला घेता त्याला घरात? दार लावा तोंडावर." लावलं असतं. हात शिवशिवत होते माझे. पण दार लावलं की तो कुठे आहे, काय करतोय, हे कळायचा माझा मार्गच बंद झाला असता. गुरुवारी तो माझ्यासमोर बसलाय म्हणजे त्याला केतकी अजून सापडलेली नाही, एवढं मला कळत होतं. तेवढ्यासाठी मी त्याला चहा पाजायचे.

चार वर्षांच्या संसारात केतकीचं मनगट दोनदा मोडलं. दोन्ही वेळा ती बाथरूममध्ये घसरली, असं दवाखान्याच्या कागदावर आहे. तिसऱ्या वेळेची वाट न बघता ती निघून आली. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या जिन्यात सुजय माझ्याजवळ आला आणि अगदी हळू म्हणाला, "सापडेल हो आई. पण या वेळी मनगटावर भागायचं नाही." तेव्हा त्या जिन्यात तीन कॅमेरे होते. तिन्हींपैकी एकालाही ते ऐकू गेलं नाही.

त्यानंतर केतकी 'अलक्षित' झाली. शब्द सरकारी असूनही चांगला आहे. हल्ली माणूस उंबऱ्याबाहेर पडला की कुठे ना कुठे दिसतोच. लिफ्ट पावलांच्या ठेक्यावरून ओळखते, बसचं दार चेहऱ्यावरून, दुकानातला काउंटर बोटांवरून आणि रस्त्यावरचा दिवासुद्धा आवाजावरून. कोणी मुद्दाम पाळत ठेवतं असं नाही. यंत्रं आपापलं काम करतात आणि जाता जाता लक्षात ठेवतात. ज्या माणसाच्या जिवाला धोका आहे त्याची नोंद या सगळ्यांनी गाळून टाकायची, असा कायदा झाला. चेहरा, बोटं, आवाज आणि चाल, या चार खुणा पुढे आल्या की यंत्रानं तिथे करडा ठिपका ठेवायचा आणि विसरून जायचं. केतकीला नवं नाव मिळालं, नवं गाव मिळालं. ते गाव मला सांगितलं नाही. माझ्या न कळण्यातच तिचं भलं आहे, असं संरक्षण अधिकारी देवरुखकर बाईंनी मला समजावलं. मी शहाण्यासारखी मान डोलावली आणि घरी येऊन दोन दिवस जेवले नाही.

असे सात महिने गेले. मग जानेवारीतल्या एका दुपारी मी वरणाला फोडणी दिली, गॅस बंद केला, आणि चिमणीच्या काचेवर अक्षरं उजळली: 'तुमच्या हातची चव आणखी एका घरात आहे! जुळी चव बघायची?'

स्वयंपाकघरातला धूर ओढणाऱ्या या यंत्राला आपण चिमणी म्हणतो, पण हिची चोच नको तिथे खुपसलेली असते. मी पस्तीस वर्षं मिरजेतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. प्राध्यापक फळ्यावर सूत्रं लिहायचे. चिठ्ठी निघालेली बाटली झाकण उघडून ओळखायचं काम माझं, मगदूम मॅडमचं. त्यामुळे चिमणीचं नाक काय चीज आहे, ते मला कोणी समजावायची गरज नव्हती. गॅसगळती आणि आग ओळखायला म्हणून नव्या इमारतींत ती सक्तीची झाली. आत नखाएवढ्या पट्टीवर धातूंच्या ऑक्साइडांचे बारा ठिपके असतात. ज्या त्या ठिपक्यावर ज्या त्या जातीची वाफ बसली की त्यातून वाहणारी वीज कमीजास्त होते. बारा ठिपक्यांच्या बारा रेषा. आता, गॅस कळावा म्हणून बसवलेल्या नाकाला फोडणी कळणारच. एवढाच वास घे आणि तेवढा घेऊ नकोस, असं नाकाला सांगता येत नाही.

आणि फोडणी म्हणजे तरी काय? तेल किती तापलं, मोहरी कधी पडली, तिच्यामागून जिरं किती सेकंदांनी, हिंग कढत तेलात की निवत्या तेलात, हळद गॅस चालू असताना की बंद केल्यावर. प्रत्येक बाईचा क्रम ठरलेला असतो आणि मधली वेळही ठरलेली असते, पण ती वेळ तिला स्वतःलाच माहीत नसते. हाताला माहीत असते. 'हिच्या हाताला चव आहे' असं आपण म्हणतो ते हेच. नव्वद सेकंदांत त्या बारा रेषा वर चढतात, खाली उतरतात, आणि बाईची सही होऊन जाते. कागदावरची सही ठरवून बदलता येते. ही बदलायची कशी? आपण ती करतोय हेच आपल्याला ठाऊक नसतं.

चिमणीवाली कंपनी कोणाचं नाव घेत नव्हती, पत्ता घेत नव्हती. गेल्या चाळीस दिवसांच्या फोडण्यांची सरासरी, आजच्या फोडणीची वेळ आणि फक्त तालुका, एवढंच ती सगळ्यांसाठी खुलं ठेवायची. आपल्यासारखं कोण कोण शिजवतं हे लोकांनी गंमत म्हणून बघावं, असा हेतू. मीही गंमत म्हणूनच बोट टेकवलं.

'तंतोतंत: १. तालुका वणी. आज १२.४०.'

वणी म्हणजे पार यवतमाळ जिल्हा. तिथे माझं कोणी नाही. आणि माझ्या फोडणीत एक गोष्ट अशी आहे, जी जगात दोघींनाच माहीत आहे. तेल तापायच्या आधी, अगदी गार असतानाच, मी चार धने बोटांनी चिरडून त्यात टाकते. धन्यातला सुगंध कमी तापमानालाच उडतो, त्यामुळे मोहरी तडतडायच्या आधीच तो वर येतो. सूत्र मी नंतर शिकले. युक्ती माझ्या आईची. मी ती केतकीखेरीज कोणालाही सांगितलेली नव्हती.

मी ओट्याशी खाली फरशीवरच बसले आणि पोटभर रडले. माझी पोर जिवंत होती. बाराचाळीसला वरणाला फोडणी देत होती आणि हात माझ्यासारखाच चालवत होती. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बाराचाळीसला फोडणी दिली. वणीत बाराअठ्ठेचाळीस झाले होते. "उशीर केलास गं," मी चिमणीकडे बघून म्हणाले. हसायचं तर हसा, पण त्या आठवड्यात आम्ही मायलेकी रोज एकत्र जेवलो. सात महिन्यांत मला पहिल्यांदा अन्न गोड लागलं.

मग गुरुवार आला.

"काय वास सुटलाय!" सुजय खुर्चीत टेकत म्हणाला. "तुमच्याकडे आलं की वाटतं, केतकी आतच आहे." मी चहा पुढे ठेवला. तो बोटांनी खुर्चीच्या हातावर ठेका धरून बसला होता. "आई, ते जुळी चव बघितलंत का? एक तारखेपासून त्यात जुन्या चवीही शोधता येणार आहेत. 'आठवणीतली चव' म्हणून जाहिरात येतेय बघा. ज्यांची आई गेली, त्यांनी चिमणीतली आईची फोडणी काढायची आणि तशीच चव कुठे मिळते ते बघायचं. छान कल्पना आहे, नाही?"

"छान आहे," मी म्हणाले. माझा आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

"आमच्या चिमणीत केतकीच्या चार वर्षांच्या फोडण्या आहेत. मी पुसल्या नाहीत. म्हटलं असू देत, तेवढीच तिची आठवण." त्यानं कप तळापर्यंत रिकामा केला. "एक तारखेला बघू या, गंमत म्हणून."

तो गेला तेव्हा एक तारखेला वीस दिवस उरले होते. वणी म्हणजे काही मुंबई नाही. तिथे सात महिन्यांपूर्वी एकटी राहायला आलेली, आपल्याकडची बोली बोलणारी बाई शोधायला त्याला चार दिवस पुरले असते.

मी आधी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली.

"मॅडम, आम्ही कोणाचीही वैयक्तिक माहिती घेतच नाही."

"फोडणी घेता ना?"

"फोडणी ही वैयक्तिक माहिती नाही, मॅडम."

"बाळ, तुझ्या आईची फोडणी तू डोळे मिटून ओळखशील की नाही?"

"ओळखेन," ती म्हणाली आणि पुन्हा कंपनीच्या आवाजात म्हणाली, "तुमची तक्रार आम्ही नोंदवून घेतली आहे."

देवरुखकर बाईंनी निदान ऐकून तरी घेतलं. "कायद्यात चार खुणा आहेत, मगदूम ताई. वास नाही. पाचवी खूण घालायची तर प्रस्ताव वर पाठवावा लागेल. तीन महिने धरा."

"मग तिला निरोप द्या. फोडणी बदल म्हणावं. महिनाभर उकडलेलं खा म्हणावं."

"निरोप महिन्यातून एकदाच जातो. या महिन्याचा गेला. पुढचा दहा तारखेनंतर."

"आणि जागा बदलायची?"

"सहा आठवडे. तेही मंजुरी लागलीच मिळाली तर." मग त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "आणि ताई, नव्या जागीही चिमणी असणारच आहे."

तेही खरंच होतं. शिवाय केतकीनं आजपासून चूल बंद केली असती, तरी मागच्या दिवसांची सरासरी चाळीस दिवस तशीच राहणार होती. तिला पुसता येत नव्हतं. मी दोन दिवस घरात येरझारा घातल्या. तिसऱ्या दिवशी भांडी विसळताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बादलीभर पाण्यात शाईचा एक थेंब पडला आणि तो काढता येत नसेल, तर एकच इलाज उरतो: सगळं पाणीच त्या रंगाचं करायचं.

शकीला मुजावर माझी जुनी विद्यार्थिनी. प्रयोगवहीत खाडाखोड न करणारी पोरगी माझ्या सगळ्या नोकरीत तीच एक. बी.एस्सी. करून तिनं महिला बचत गटांना ऑनलाइन शिकवायला सुरुवात केली. मसाले, लोणची, पापड. आता तीस तालुक्यांतल्या बायका तिच्या वर्गाला बसायच्या.

"शकीला, तुझ्या वर्गात मला फोडणी शिकवायची आहे."

"फोडणी?" ती फोनवर हसायला लागली. "मॅडम, फोडणी कुणाला येत न्हाई?"

"माझी येत नाही. सेकंद लावून शिकवणार आहे. रोज तशीच द्यायची, पंधरा दिवस. आणि वणीचा गट असेल तर त्यांना आवर्जून बसव."

ती हसायची थांबली. केतकीचं लग्न तिनं पाहिलं होतं, आणि पुढचं ऐकलं होतं. "वणीत गट हाय. सतरा बाया," ती म्हणाली. तिनं आणखी एक शब्द विचारला नाही.

वर्गाला दोनशे बारा बायका होत्या. मी स्टॉपवॉच हातात घेऊन ओट्याशी उभी राहिले आणि प्रयोगशाळेत सांगायचे तसं सांगितलं. तेल दोन चमचे. मोठ्या आचेवर पंचेचाळीस सेकंद. मोहरी. ती तडतडून शांत व्हायला लागली की जिरं, मग चार सेकंद थांबून हिंग. कढीपत्ता. गॅस बंद. सहापर्यंत मोजून हळद. बायकांनी वहीत उतरवून घेतलं, कोणी म्हणालं, "काकू, तुमच्याकडे तर शास्त्रच आहे!" मी फुशारले.

धने मी सांगितले नाहीत.

विसरले नव्हते. जिभेवर आले होते आणि मी गिळले. आपल्याकडे बाई पाककृती देते तेव्हा अख्खी कधी देते का? मी अख्ख्या कॉलनीला, नणंदेला, कॉलेजच्या प्राचार्यबाईंना माझं वरण सांगितलं होतं, आणि प्रत्येकीला धने सोडून. सगळ्या म्हणायच्या, "तुमच्यासारखं होत नाही हो." ते ऐकायला बरं वाटतं. चाळीस वर्षांची खोड, ती बरोबर वेळेला उफाळून आली. पण खरं सांगते, एवढंच कारण नव्हतं. सगळ्यांच्या सगळ्या फोडण्या तंतोतंत झाल्या, तर त्यात केतकी कोणती ते मला कळणार नव्हतं. बाराचाळीसचं ते जेवण माझं जाणार होतं. 'जवळपास'ची एवढी गर्दी झाली की पुरे आहे, असं मी मनाला पटवलं. मन काय, पटवून घ्यायला तयारच होतं.

आठवड्यानं चिमणीनं दाखवलं: 'जवळपास: ९४. तंतोतंत: १.' मी समाधानानं दोन घास जास्त खाल्ले.

एक तारखेला सहा दिवस उरले असताना शकीला स्वतः घरी आली. बसलीसुद्धा नाही. थेट ओट्याशी गेली आणि तिनं माझ्या डोळ्यांदेखत फोडणी दिली. सेकंद चोख, क्रम चोख. मग मोबाइलवर चिमणीचा निकाल माझ्यापुढे धरला: जवळपास.

"मॅडम, काय तर राखून ठेवलाय तुम्ही."

"काही नाही गं. हाताहाताचा फरक असतो."

"मी पंधरा वर्षं बायांस्नी मसाले शिकवतोय. राखल्यालं मला कळतं. मीबी राखतो." तिनं गॅस बंद केला. "हे बघा, हळदीला समद्या बाया पिवळं नेसून बसल्या आणि मधी एकच हिरव्यात बसली, तर लांबून कोण दिसंल? आधी वणीतल्या त्या एका चुलीकडं कुणाचं ध्यानबी गेलं नसतं. आता आपण चौऱ्याण्णव जणी गोळा केल्या आणि तिला मधोमध उभी केली."

"पण सांगितलं तर मला ती दिसायची नाही, शकीला." मी हे मोठ्यानं बोलेन असं मला वाटलं नव्हतं.

तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती मागे हटली नाही. "तुम्हाला दिसतीय, मॅडम, म्हंजे त्यालाबी दिसणार," ती म्हणाली. "यंत्राला आई कळत न्हाई."

मी पाटावर बसले. माझी मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. तो केतकीला शोधत होता आणि मीही तिला शोधतच होते. त्याला मारायची होती, मला जेवताना सोबत हवी होती. पण चिमणीच्या काचेवर आम्हा दोघांचं बोट सारखंच उमटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला दुसरा वर्ग लावला. "बायांनो, माझी एक गोष्ट सांगायची राहिली होती," मी म्हणाले. "राहिली नव्हती. मी राखली होती. गार तेलात चार धने, बोटांनी चिरडून." एकदम हशा पिकला. कोणीतरी ओरडलं, "काकू, आम्हाला वाटलंच होतं!" मीही हसले. मग मी प्रत्येकीकडून धने चिरडून घेतले, किती बारीक, किती जाड, ते बोटं कॅमेऱ्यासमोर धरायला लावून बघितलं.

एका चुलीवर नव्या धाटणीच्या पाच फोडण्या झाल्या की त्यांची वेगळी सरासरी धरतात; जुनीही चाळीस दिवस राहतेच. त्या दिवशी दुपारी वणीत अजून एकच चूल होती. मी ताट वाढून घेतलं आणि काचेसमोर बसले. बाराएक्केचाळीसला आकडा हलला. मी सावकाश जेवले. "जपून राहा," मी तिला म्हणाले. आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण ताट संपलं.

एक तारीख बुधवारी आली. सकाळी आकडे बघितले: 'तंतोतंत: ६१. तालुके २३. वणी: ४.' दुपारी वणीतल्या वेळा एकीमागून एक आल्या. बारापस्तीस, बाराएक्केचाळीस, एकला पाच कमी. चौथी आलीच नाही. त्यातली एक माझ्या पोरीची असेल. की तिनं आज काही शिजवलंच नाही, की ती आजारी आहे, की आणखी काही, हे मला इथून पुढे कधीच कळणार नव्हतं. मला हवं होतं तेच झालं होतं. मी ते पाहिलं आणि जेवण झाकून ठेवलं.

दुसरा दिवस गुरुवार. मी नऊलाच चहाचं आधण ठेवलं.

दहा वाजले. साडेदहा. सुजय सात महिन्यांत एकदाही पाच मिनिटंसुद्धा उशिरा आला नव्हता. अकरा वाजता मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. काल सकाळी त्यानं यंत्र उघडलं असेल. त्यात माझी मिरज दिसली असेल, ती त्यानं सोडून दिली असेल. मग बाकीची नावं. त्यातलं वणी त्याला का खटकावं? पण खटकलं असेल तर? काल दुपारी निघाला असेल तर तो एव्हाना तिथे पोचला होता. बस स्टँडवर कोणाशी तरी गोड बोलत असेल, "बऱ्या आहात ना?" म्हणत असेल. मी देवरुखकर बाईंना फोन केला. त्या बैठकीत होत्या. साडेअकराला पुन्हा केला. फोन दोनदा हातातून खाली पडला. ज्या माणसाचं तोंड बघायची मला किळस यायची, त्याची वाट मी देव पाण्यात घालून बघत होते. ये रे बाबा, म्हणत होते. एवढ्या एका गुरुवारी ये.

बाराला दहा कमी असताना लिफ्टचं दार उघडलं. तीच पावलं. चपला काढल्याचा आवाज. त्यानं बेल दाबायच्या आत मी दार उघडलं.

"या, या सुजयराव!" मी म्हणाले. "किती उशीर केलात! या ना, बसा." माझ्या तोंडावर हसू मावत नव्हतं. मला ते आवरता येईना. तो इथे होता. वणीत नव्हता.

तो दारातच थांबला. मग आत येऊन खुर्चीत बसला, पण नेहमीसारखा मागे टेकला नाही.

"रस्त्यात गाडी बंद पडली," तो म्हणाला. "आई, खरं तर मी आज शेवटचं यावं म्हणून निघालो होतो. काल ते आठवणीतली चव बघितलं. तुमचं सोडून एकसष्ट घरं आली. पार सावंतवाडीपासून गडचिरोलीपर्यंत. म्हटलं, सगळा मूर्खपणा आहे. वासावरून कधी माणूस सापडतो का? सोडून द्यावं आता. वकीलही तेच म्हणतोय."

"बरोबर आहे," मी म्हणाले. "सोडूनच द्यावं. चहा आणते."

"थांबा." तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, अगदी निवांत, एखादा माणूस फलाटावरचा तक्ता वाचतो तसा. "सात महिने येतोय मी. तुम्ही मला एकदाही 'या' म्हणाला नाहीत."

मी काहीतरी म्हणाले. वय झालं, एकटीला सोबत लागते, असं काहीसं. हसू माझ्या तोंडावर अजून तसंच होतं, मला ते उतरवता येत नव्हतं.

"मी आलो नाही म्हणून तुम्ही घाबरला होतात," तो हळू म्हणाला. "तुम्हाला वाटलं, मी पोचलो." तो स्वतःशीच एकदा मान हलवून उठला. "म्हणजे त्या एकसष्टांत ती आहे."

"सुजयराव, तसं काही नाही हो. बसा तरी."

"एकसष्टच आहेत, आई. मला घाई नाही." त्यानं दाराशी जाऊन चपला घातल्या, आधी उजवी, मग डावी. "येतो," तो म्हणाला.

लिफ्ट खाली गेल्याबरोबर मी शकीलाला फोन लावला. तिनं पहिल्या घंटीला उचलला.

"एकसष्ट पुरत नाहीत," मी म्हणाले.

"बरं. सांगा मॅडम, किती पायजेत? आज लागतो कामाला. शंभर? पाचशे?"

खाली त्याची गाडी सुरू झाली आणि फाटकाबाहेर पडली. शकीला विचारत राहिली, आणि मला आकडा सांगता येईना.